फोटो खोटा, पण चेहरा तिचाच: डीपफेक पसरवणाऱ्याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे का?

ओसरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आले, आज धागा काढायची वेळ आली.

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या बहिणीच्या हळदीतला तिचा एक फोटो इन्स्टावर होता, पिवळ्या साडीतला. वर्गातल्या कुणीतरी तो एका बॉटला दिला, अंगावर कपडे नसलेला फोटो बनवून घेतला आणि मुलांच्या ग्रुपवर टाकला. तिला चार दिवसांनी कळलं, तेही एका मैत्रिणीने धीर करून सांगितलं म्हणून. तोवर तो शेजारच्या कॉलेजात पोचला होता.

मी आणि ताई पोलीस ठाण्यात गेलो. समोरच्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे अंग तुमच्या मुलीचं नाहीच ना? मग लोकांना सांगा खोटा आहे म्हणून." ताईला रडू फुटलं, आम्ही परत आलो. आता दाजी म्हणतायत गप्प बसा, उद्या पोरीचं लग्न करायचंय.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तक्रार कोणत्या कलमाखाली आणि कशी करायची? आणि दुसरं, जे मला झोपू देत नाही: "तिला विचारलं होतंस का?" एवढा साधा प्रश्न आपल्या कायद्यातलं एकही कलम त्या मुलाला विचारत नाही का?

मोगरा७२
बाई गं, वाचूनच पोटात कालवलं. भाची जेवतेय ना नीट? तिला एकटी ठेवू नका. बाकी सांगणारे इथे येतीलच.

जुनीवर्दी
खात्यात एकतीस वर्षं काढली, म्हणून आधी एक सांगतो. तुम्हाला जे उत्तर मिळालं ते चूक होतं, आणि त्याची लाज मला वाटते. दखलपात्र गुन्ह्याची खबर घेणं बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, खबर नोंदवता येते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ठाण्यात घेतली नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना द्या. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी.

आणखी एक. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो, कलम ७८. त्यामुळे टेबलावर जो कुणी बसला असेल त्याच्याशी हुज्जत घालू नका, थेट पीआय साहेबांना भेटायचंय असं सांगा.

चिमणचारा
काका, हे कलम ७८ वालं मला आजच कळलं. धन्यवाद.

काळाकोट
ओसरी ताई, सत्र न्यायालयात वकिली करते, अशी तीन प्रकरणं हाताळली आहेत. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच अडकलंय.

आपल्याकडे डीपफेक हा शब्द घेऊन केलेलं फौजदारी कलम नाही. जी आहेत ती जुनी आहेत आणि प्रत्येकाचं माप वेगळं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई म्हणजे खाजगीपणाचा भंग: एखाद्याच्या गुप्तांगाचं चित्र संमतीशिवाय टिपणं, प्रसिद्ध करणं, पाठवणं. संमती हा शब्द इथे आहे खरा. पण बचावाचा वकील उभा राहून म्हणतो, "हे शरीर तिचं नाही, यंत्राने काढलेलं आहे, मग तिच्या खाजगीपणाचा भंग कसा?" ठाण्यात तुम्हाला तेच ऐकवलं गेलं. भारतीय न्याय संहितेतलं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ७७ चोरून पाहण्या-टिपण्याबद्दल आहे. त्यात कुणीतरी खरोखर पाहिलेलं, टिपलेलं लागतं, इथे तसं काही घडलेलंच नाही.

मग उरतात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलीच ६७ आणि ६७ए. ६७ अश्लील मजकुराबद्दल, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत. ६७ए उघड लैंगिक कृतीच्या चित्रणाबद्दल, पाच वर्षांपर्यंत, आणि अजामीनपात्र. ही दोन्ही कलमं विचारतात, "हे अश्लील आहे का?" बघणाऱ्याचं मन बिघडेल का, याची चिंता. जिचा चेहरा आहे ती त्या कलमात कुठेच नाही. गुन्हा जणू समाजाच्या सभ्यतेविरुद्ध झाला, तिच्याविरुद्ध नाही. म्हणूनच उद्या कुणी भाचीचा बिकिनीतला खोटा फोटो बनवला तर ६७ सुद्धा डळमळतं, कारण बिकिनीला कोर्ट अश्लील म्हणेलच असं नाही. तिला मात्र तेवढंच लागलेलं असतं.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, थेट असं कुणी विचारत नाही. विचारायला हवं, असं मी जीव तोडून सांगते.

बाभूळ
अभिनेत्री रश्मिका मंदानाच्या डीपफेक व्हिडिओच्या वेळी काय लावलं होतं मग? आरोपी पकडला होता की.

काळाकोट
@बाभूळ, चांगला प्रश्न. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो व्हिडिओ फिरला, जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्रातून एका तरुणाला पकडलं. दंड संहितेची ४६५ आणि ४६९, म्हणजे बनावटीकरण आणि लौकिकाला धक्का देण्यासाठी बनावटीकरण, आणि त्याच्या जोडीला ६६सी (ओळखीची चोरी) आणि ६६ई. जुनं ४६९ आता न्याय संहितेत ३३६(४) आहे, तीन वर्षांपर्यंत. ओसरी ताईंनी हेच धरावं असं माझं मत: ३३६(४), ७९ (स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान), ६६सी, ६६ई, ६७. धमकी किंवा पैशाची मागणी असेल तर ३५१ आणि ३०८. ६६ई टिकेल न टिकेल, लावून ठेवायचं.

टेम्सकाठ
इंग्लंडात असते म्हणून इथलं सांगते. इथेही आधी हेच दुखणं होतं. २०१५ च्या कायद्यात "त्रास देण्याचा हेतू" सिद्ध करावा लागायचा, आणि संगणकावर जोडून केलेलं चित्र तर सरळ वगळलेलं. पोरं म्हणायची, आम्ही मजेत केलं, तिला त्रास द्यायचा नव्हता. सुटायची.

मग ऑनलाइन सेफ्टी ॲक्टने लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात नवं कलम घातलं, ३१ जानेवारी २०२४ पासून लागू. मूळ गुन्ह्याला हेतूची अट नाही. संमती नव्हती आणि संमती आहे असं मानायला वाजवी कारणही नव्हतं, एवढं पुरे. आणि शब्द असे आहेत की चित्रात ती व्यक्ती दिसत असेल "किंवा दिसते असं भासत असेल". भासत असेल! या एका क्रियापदाने "अंग तिचं नाहीच" हा युक्तिवाद निकालात निघाला. फक्त अंतर्वस्त्रांतलं चित्रही त्यात बसतं. पुढे २०२५ च्या कायद्याने असं चित्र नुसतं बनवणंही गुन्हा केलं, कुणाला पाठवलं नाही तरी.

बाभूळ
नुसतं बनवणं पण? स्वतःच्या फोनमध्ये ठेवलं आणि कुणाला दाखवलंच नाही तर नुकसान कुणाचं झालं?

पाटीपेन्सिल
बाभूळ, मी नववी-दहावीला शिकवते. वर्गातल्या मुलाने माझा असा फोटो बनवून फोनमध्ये ठेवलाय हे मला कळलं, तर दुसऱ्या दिवशी मी फळ्याकडे तोंड करून लिहू शकेन का, पाठीमागे काय चाललंय याचा विचार न करता? नुकसान होतं हो.

दक्षिण कोरियात ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिग्रामवरचे ग्रुप उघडकीस आले, शाळा-शाळांचे वेगवेगळे. विद्यार्थिनींचे, शिक्षिकांचे फोटो. महिन्याभरात त्यांच्या संसदेने कायदा बदलला आणि असं चित्र जवळ बाळगणं, पाहणंसुद्धा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा केला.

काळाकोट
पाटीपेन्सिल, तुम्ही शाळेत आहात म्हणून मुद्दाम सांगते: मुलगी अठराच्या आतली असेल तर आपलाही कायदा बराच धारदार आहे. पॉक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) २०१९ ला जी व्याख्या घातली त्यात संगणकाने बनवलेलं, बदललेलं, पण मुलासारखं दिसणारं चित्रही येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असं साहित्य जवळ ठेवणं-पाहणं यावरही कडक भूमिका घेतली. मुलीचं नाव छापणं कलम २३ ने बंद. म्हणजे सतरा वर्षं अकरा महिन्यांपर्यंत "खरं अंग की खोटं" हा वाद नाही, आणि वाढदिवस झाला की वाद सुरू. ओसरी ताई, तुमची भाची एकोणीसची असेल ना? दोन वर्षांपूर्वी झालं असतं तर वेगळं चित्र होतं.

ओसरी
हो, एकोणीस पूर्ण.

रेघोटी
माझं मत जरा वेगळं आहे, कुणी रागावू नये. मी व्यंगचित्रं काढतो. डीपफेकविरोधी कायदा म्हटलं की सगळ्यात आधी पुढारी त्याचा वापर करणार. विसरलात का २०१२? बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतर मुंबई बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या दोन मुलींना उचललं होतं. एकीने लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ए पुढे श्रेया सिंघल प्रकरणात २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, पण तोवर किती जण भरडले. मंत्र्याच्या तोंडी त्याचंच जुनं आश्वासन घालून कुणी विडंबन केलं तर तोही "संमतीशिवाय डीपफेक" ठरेल. मंत्री संमती देणार आहे का?

हडसन
+१. अमेरिकेत टेक इट डाउन कायदा आला, १९ मे २०२५ ला सही झाली. तक्रार आल्यापासून ४८ तासांत अशी चित्रं काढायची, संमतीविना प्रसिद्ध केल्यास दोन वर्षांपर्यंत, अल्पवयीन असेल तर तीन. प्रतिनिधीगृहात ४०९ विरुद्ध २ ने मंजूर. तरी डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या संस्था ओरडतायत की कंपन्या न तपासता सगळंच उडवतील, कारण तपासायला वेळ नाही आणि चुकलं तर दंड.

ओसरी
रेघोटी, तुमची भीती मला कळते. पण माझी भाची मंत्री नाही हो.

काळाकोट
रेघोटींची भीती खरी आहे, आणि उत्तरही आहे. दोन कायदे वेगळे ठेवा. एक लैंगिक चित्रांचा: तिथे विडंबनाची सबब चालता कामा नये, मंत्री असो की मजूर. दुसरा बाकीच्या नकलांचा: तिथे फसवणूक किंवा नुकसान सिद्ध करावं लागावं, विडंबनाला सूट असावी. डेन्मार्कने २०२५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात आपला चेहरा आणि आवाज यांवर आपलाच हक्क मानला आहे, आणि विडंबन, उपहास बाहेर ठेवला आहे. एकाच पोत्यात दोन्ही कोंबलं की पालघर होतं.

रेघोटी
असं वेगळं ठेवलं तर माझी हरकत नाही. पहिल्यासाठी सही करायला मीही येतो.

तळेगावकर
अवांतर होईल, पण नामवंतांना कोर्टात लगेच दाद मिळते असं दिसतंय. अनिल कपूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले, सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश, चेहरा, आवाज, अगदी "झकास" सुद्धा संरक्षित. आशाताईंच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये थांबवली. सचिनच्या खोट्या जाहिरातीवर जानेवारी २०२४ मध्ये मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आनंदच आहे. पण त्या हक्काचा पाया बाजारातली किंमत आहे: माझा आवाज विकला जातो, तो माझ्या परवानगीशिवाय विकू नका. ओसरी ताईंच्या भाचीच्या चेहऱ्याला बाजारात किंमत नाही, म्हणून तिला हक्क नाही का?

मोगरा७२
तळेगावकर, अगदी मनातलं बोललात.

आवाजावरून आठवलं. माझ्या लेकीने घरात खुणेचा शब्द ठरवलाय, "शेंगदाण्याची आमटी". कुणाचाही पैसे मागणारा फोन आला की आधी शब्द विचारायचा. परवा आमचे हे पाकीट हरवून स्वारगेटला अडकले आणि शब्द आठवेना! चिंचगुळाची, कटाची, सगळ्या आमट्या सांगून झाल्या. लेक ऐकेना. शेवटी लग्नातला माझा उखाणा विचारला तेव्हा पैसे गेले.

चिमणचारा
:ड काकांना आता जन्मभर शेंगदाण्याची आमटी आठवेल!

घाटवाट
पुरुषांचंही होतं, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लॉकडाऊननंतर एका कर्जाच्या ॲपवरून आठ हजार घेतले होते. दोन दिवस उशीर झाला तर माझा चेहरा नागड्या अंगावर चिकटवून फोनबुकातल्या सगळ्यांना पाठवला. सासऱ्यांना, सुपरवायझरला, मुलीच्या शाळेच्या बाईंना. तेव्हा डीपफेक शब्द माहीत नव्हता, साधं चिकटवलेलं होतं, कुणालाही कळलं असतं. तरी मी दोन महिने गल्लीतून खाली मान घालून गेलो. "खोटा आहे हे लोकांना सांगा" म्हणणं सोपं आहे. किती जणांच्या दारात जाऊन सांगायचं?

कलम ७९ फक्त स्त्रीसाठी आहे. माझ्यासाठी काय?

काळाकोट
घाटवाट, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्यासाठी ३३६(४), ६६सी, ६७, आणि पैशासाठी केलं म्हणून ३०८ खंडणी. संमतीवर उभा कायदा आला तर त्याला स्त्री-पुरुष भेद लागणार नाही, हाही त्याचा फायदा.

रात्रपाळी
मी चित्रं-व्हिडिओ तपासायच्या कामात आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. ओसरी, कोर्ट होईल तेव्हा होईल, आधी फोटो उतरवायचं बघा.

आधी पुरावा, मग उतरवणं. हा क्रम उलटला की पंचाईत. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट. वेबवर असेल तर पूर्ण दुवा. ज्या मैत्रिणीच्या फोनवर मेसेज आला तिला तो डिलीट करू देऊ नका, तो फोन हाच पुरावा. आणि पुरावा म्हणून सुद्धा ते चित्र घरच्या ग्रुपवर टाकू नका, लोक भाबडेपणाने तेच करतात.

मग ज्या ज्या ठिकाणी आहे तिथे तक्रार अधिकाऱ्याला लिहा. आयटी नियम २०२१ मधला ३(२)(बी) हा नियम नाव घेऊन लिहा. त्यात नग्नता, लैंगिक कृती आणि "कृत्रिमरीत्या बदललेल्या प्रतिमा" स्पष्ट लिहिलंय. आधी २४ तासांची मुदत होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आणली. यंत्राने बनवलेल्या चित्रावर तसं ठळक लिहिणंही तेव्हापासून बंधनकारक झालं, पण तुमच्या बाबतीत लेबलाचा काय उपयोग? "हे कृत्रिम आहे" असं खाली लिहून तोच फोटो फिरला तर भाचीचं दुखणं कमी होणार आहे का?

स्टॉपएनसीआयआय नावाची सोय आहे. फोटो अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा अंकांचा ठसा बनतो आणि तो फेसबुक, इन्स्टाग्राम, रेडिट वगैरेंकडे जातो. तोच फोटो कुणी चढवू गेला की अडतो. बंद चॅटमध्ये मात्र हा ठसा पोचत नाही, तिथे माणसांनाच गाठावं लागतं.

केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देता करता येते. पण एफआयआर हवा असेल तर नाव द्यावंच लागेल.

ओसरी
नाव दिलं तर पेपरात येईल ही दाजींची भीती. बलात्काराच्या प्रकरणात नाव छापत नाहीत ना, तसं इथे?

काळाकोट
इथे कायद्यात मोठं भोक आहे. न्याय संहितेचं कलम ७२ नाव उघड करायला बंदी घालतं, पण ते ६४ ते ७१ या कलमांपुरतं. डीपफेकच्या गुन्ह्याला ते आपोआप लागू नाही. कोर्टाकडे नाव झाकण्याचा अर्ज करता येतो. मद्रास उच्च न्यायालयात २०२५ मध्ये एका महिला वकिलाचं असंच प्रकरण नाव न घेता चाललं, आणि तिथे न्यायालयाने ४८ तासांत सगळीकडून काढायला सांगितलं. त्या प्रकरणातूनच पुढे केंद्राने अशा तक्रारींची कार्यपद्धती काढली. पण प्रत्येकीला हायकोर्ट परवडत नाही. नवा कायदा झाला तर नाव झाकणं त्याच्या पहिल्या पानावर हवं.

तळेगावकर
नव्या कायद्यावरून, कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत डीपफेक नियमनाचं विधेयक मांडलंय. ज्याचं चित्र त्याची आधी संमती, हेच सूत्र आहे. पक्ष बाजूला ठेवून म्हणतो, दिशा बरोबर आहे.

जुनीवर्दी
ते खाजगी विधेयक आहे. अशी आजवर चौदाच मंजूर झालीत, शेवटचं १९७० साली. सरकारने स्वतः आणलं तरच काही होईल.

कोकणकडा
सगळं वाचलं. एक विचारू का? तो मुलगाही एकोणीसचाच असेल. एका मूर्खपणापायी त्याचं आयुष्य बरबाद करायचं का? कॉलेजने समज द्यावी, माफी मागावी, मिटवावं.

पाटीपेन्सिल
कोकणकडा, शिक्षिका म्हणून मलाही प्रत्येक मुलाची काळजी वाटते. पण बघा, या सगळ्या धाग्यात "आयुष्य" हा शब्द पहिल्यांदा आला तो त्याच्यासाठी. मुलगी चार दिवस कॉलेजात फिरत होती आणि आजूबाजूच्या पोरांच्या खिशात तो फोटो होता. माफी कुणाकुणाची घेणार? पुढे पाठवणारे सगळेच त्यात आहेत.

शिक्षा किती हे कोर्ट ठरवेल. गुन्हा घडला हे तरी कागदावर येऊ दे.

घाटवाट
माझ्या वेळी कुणी पकडलं गेलं नाही. पण ठाण्यात एका हवालदाराने माझं सगळं लिहून घेतलं, मध्ये चहा मागवला, आणि म्हणाला, "तुम्ही काही केलेलं नाही, वर बघून चाला." कागदावर आल्यानेच मला झोप लागली. कोकणकडा, एवढंच सांगतो.

कोकणकडा
घाटवाट, तुमचं वाचून मी माझं म्हणणं मागे घेतो. मिटवा म्हणणं मला जमलं कारण माझ्या घरी घडलं नव्हतं.

ओसरी
पाच दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद भाचीने स्वतः वाचले. घाटवाट यांचा दोनदा. मग म्हणाली, मावशी, मी येते, मीच बोलते.

दाजी ऐनवेळी चप्पल घालून निघाले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. ठाण्यात पीआय मॅडमना भेटायचंय असं जुनीवर्दींनी सांगितलं तसंच सांगितलं. त्यांनी दोन तास दिले. भाचीने हळदीचा मूळ फोटो आणि तो दुसरा, दोन्ही शेजारी ठेवले आणि म्हणाली, "चेहरा माझा आहे, मला कुणी विचारलं नव्हतं." ३३६(४), ७९, ६६सी, ६६ई, ६७ लागली. मैत्रिणीचा फोन पंचनाम्यात घेतला, तिच्या आईने हरकत घेतली नाही, तिचे उपकार कसे फेडू कळत नाही. इन्स्टावरच्या दोन खात्यांवरून त्याच दिवशी उतरलं. ग्रुपचा ॲडमिन आणि आणखी तिघांना बोलावलंय.

येताना दाजींनी रसवंतीवर गाडी थांबवली आणि सगळ्यांसाठी रस सांगितला. भाचीने पंधरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी पूर्ण संपवलं.

काळाकोट, मॅडमनी स्क्रीनशॉटसाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मागितलंय. भाग अ मी भरला. भाग ब कोण भरतं?

काळाकोट
तो तज्ज्ञाने भरायचा, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाईलच्या अंकांच्या ठशासकट. माझ्या ओळखीचे एक आहेत, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. सोमवारी मी पण येते ठाण्यात. फी-बी काही विचारू नका.

मोगरा७२
रस संपवला ना पोरीने! आज मीही नीट जेवेन.